रिकाम्या पेवाला कंदील

सोलापुरात शिवानंद बिराजदारला बिअरविषयी काही विचारायची कुणाची छाती होत नसे. विचारलं की संध्याकाळ गेलीच म्हणून समजा. समोरचा बापडा एक बाटली संपवून जेवायला घरी जायच्या बेतानं आलेला असायचा आणि हा गडी थेट इजिप्तपासून सुरुवात करायचा. पिरॅमिड बांधणाऱ्या मजुरांना भाकरीबरोबर बिअर मिळायची, हे सांगून झालं की बेल्जियम. तिथले काही जुने बिअरवाले म्हणे छपराखालची कोळिष्टकं झाडू देत नाहीत. हवेतून आपोआप येऊन पडणाऱ्या यीस्टवर त्यांची बिअर आंबते, आणि झाडझूड केली तर ते बिथरेल अशी त्यांना धास्ती. "आणि आमच्याकडं दिवाळी आली की पहिला झाडू माझ्या हातात," असं म्हणून तो स्वतःच हसायचा.

धंदा त्याचा रंगाचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांना तो रंग आणि रसायनं पुरवायचा. एकदा कंपनीच्या बैठकीला बंगळुरूला गेला असताना कुणीतरी त्याला हॉटेलातच बनवलेली ताजी बिअर पाजली. त्या दिवसापासून माणूस बिघडला. किंवा सुधारला म्हणा, कारण तोवर पाच-सहा बाटल्या रिचवणारा शिवानंद नंतर एका ग्लासावर तास काढू लागला.

त्याची मतं ठाम होती आणि ती तो न मागता द्यायचा. दुकानातली बिअर बर्फासारखी गार करून का देतात? चव लागू नये म्हणून. स्ट्राँग कशासाठी पितात? लवकर चढावी म्हणून. मग बिअरच्या वाटेला जाताच कशाला? बिअर म्हणजे धान्य, आणि कुठलं धान्य ते जिभेला कळलं पाहिजे. बाहेरदेशीचं जव आणून बिअर करायची आणि सोलापुरात बसून ती प्यायची, यात सोलापूरचं काय? आपलं धान्य ज्वारी. तीही मालदांडी. जिच्या भाकरीला आख्खा महाराष्ट्र नावाजतो तिची बिअर का होऊ नये?

आणि सगळ्यात शेवटी, ऐकणारा उठायच्या बेतात असताना, लंडनची गोष्ट. दोनशे वर्षांपूर्वी तिथल्या एका कारखान्यात बिअरचं घराएवढं पीप फुटलं. लोंढा गल्लीत शिरला, भिंती पाडल्या, गरिबांच्या तळघरांत घुसला. आठ माणसं मेली. एका तळघरात तर लहान पोर दगावलं म्हणून आप्त जमले होते, ते तिथंच बुडाले. एवढं सांगून शिवानंद ग्लास वर करायचा. "असं मरण पाहिजे राव! बिअरमध्ये बुडून!" सगळे हसायचे. आठ माणसं दोनशे वर्षांपूर्वी आणि सातासमुद्रापलीकडं मेली असली की हसायला जड जात नाही.

नुसतं बोलून भागेना तेव्हा त्यानं घरी करायला घेतली. परवाना वगैरे नव्हता, तो मिळणारही नव्हता, पण विकायची नसल्यामुळं त्याला त्यात काही गैर वाटत नव्हतं. ज्वारी भिजवायची, मोड आणायचे, वाळवायची, मोड चोळून काढायचे, भाजायची, भरडायची, गरम पाण्यात मुरवून गाळायची, मग हॉप्स नावाची कडवट वाळकी फुलं घालून उकळायची. निवली की यीस्ट टाकून ड्रम बंद. झाकणातून एक नळी काढायची आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडवून ठेवायचं. आतली बिअर आंबत असेल तोवर बाटलीत बुडबुडे येत राहतात. ते थांबले की झाली.

झाली, पण सोलापुरात नव्हे. मार्चपासून घरात भट्टी पेटल्यासारखं होतं. ओली पोती गुंडाळली, कूलरपुढं ड्रम ठेवला, तरी दोन खेपा आंबटढाण झाल्या. बायकोनं त्यातली वाटीभर घेऊन तांब्याचा गडवा लखलखीत घासून दाखवला. तेव्हा त्याला गावाकडचं पेव आठवलं.

गाव दुधनीच्या अलीकडं. मळ्याच्या कडेला लिंबाखाली पांढऱ्या मातीत आज्यानं खणलेलं पेव होतं. पेव म्हणजे जमिनीतलं धान्याचं कोठार: तोंड एक माणूस उतरेल इतपत, आत पोट मोठं, दोन पुरुष खोल. ज्वारी भरून वरून फरशी आणि चिखलानं बंद केलं की वर्षानुवर्षं दाणा टिकायचा. आता सगळा माल गोदामाला जात असल्यामुळं पेव कैक वर्षं रिकामंच पडलेलं होतं. वर चाळीसच्या पुढं पारा असताना आत मात्र रांजणातल्यासारखा गारवा.

पेव उघडायची एक रीत होती आणि ती शिवानंदला लहानपणापासून ठाऊक होती. बंद पेवात धान्याची वाफ साठते. दिसत नाही, पण आत उतरलेला माणूस बसतो तो उठत नाही. म्हणून फरशी काढली की दिवसभर तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर आज नाही. पेटता राहिला तर उतरायचं. हे काम बिराजदारांच्या घरी वाट्यानं शेत करणाऱ्या नबीसाबच्या वडिलांकडं असायचं. म्हातारा कंदील सोडायचा आणि शिवानंद आणि नबीसाब दोघं पोरं पोटावर पडून, पेवाच्या काठावर हनुवट्या टेकवून ती खाली जाणारी ज्योत बघायची. विझली की दोघं टाळ्या पिटायची. त्यात भीती वाटण्यासारखं काही आहे हे त्या वयात कळलं नव्हतं.

वडलांमागं शेत नबीसाब करू लागला. शिवानंदचा थोरला भाऊ अण्णाराव गावातच राहायचा आणि घरचा कारभार बघायचा, पण मळ्यातलं पान नबीसाबला विचारल्याशिवाय हलत नसे. शिवानंद आणि तो एकमेकांना अरेतुरे करत. नबीसाब पाच वेळचा नमाजी. दारूचं इतकं वावडं की खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन मग प्यायचा.

"ज्वारीची दारू?" पेवाचा बेत ऐकून तो म्हणाला होता. "तुझा आजा वर बसून थुकंल तुझ्यावर."

"दारू न्हाय रं, बिअर. पाव आन् बिअर, एकाच घरची लेकरं."

"एक लेकरू बिघडलं म्हण की." मग जरा थांबून म्हणाला, "पेव तुझं, ड्रम तुझा, पाप बी तुझं. मी फकस्त कुत्री हाकलीन. हात लावायला सांगू नको."

"शपथ. कधीच सांगणार न्हाय."

पहिल्या खेपेला एकच लहान ड्रम ठेवला होता. बघायला शिवानंद स्वतः उतरला, वर आला तेव्हा डोकं ठणकत होतं. उन्हामुळं, असं त्यानं ठरवलं आणि लिंबाखाली बसून ताक प्याला. बिअर मात्र अशी झाली होती की पहिल्या घोटाला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. भाजलेल्या हुरड्याचा वास, मागं किंचित कडवटपणा. त्यानं दोन बाटल्या पुण्याला उदयसिंहकडं पाठवल्या. उदयसिंहचं पुण्यात स्वतःची बिअर बनवणारं हॉटेल होतं आणि शिवानंदची आणि त्याची ओळख याच वेडातून झालेली. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन: "मी येतो. जास्त करून ठेवा. जमली तर तुमच्या नावानं माझ्याकडं लावू." सोलापूरची ज्वारी, बिराजदारांची बिअर. शिवानंदला आयुष्यात इतका आनंद कधी झाला नव्हता.

या वेळी त्यानं चार मोठे ड्रम पेवात उतरवून नळीनं भरले. गारवा टिकावा म्हणून तोंडावर पोती टाकली आणि वर फरशी सरकवली. उदयसिंह रविवारी येणार होता. शुक्रवारी दुपारी शिवानंद एमआयडीसीत अडकला. एका कारखान्यात लाल टॉवेलांचा रंग पांढऱ्या किनारीवर उतरला होता आणि मालक खवळला होता. त्यातही त्याचं अर्धं चित्त पेवात. बुडबुडे थांबले असतील का? थांबले नसतील तर रविवारी बिअर कच्ची लागेल, उदयसिंह तोंड वाकडं करील, संपलं. रंगाच्या बादल्यांत उभं राहून त्यानं नबीसाबला फोन लावला.

"नबी, एक काम हाय. उतरून बघ जरा. बाटलीत बुडबुडं येत्यात का न्हाय."

"शपथ घेतलीस की रं."

"हात कुटं लावायचाय? बघायचं फकस्त. लई अडलंय रं माझं."

"बरं." तो निघाल्याचा आवाज, मग पुन्हा, "शिवा, कंदील सोडून बघतो आधी. हातातच हाय."

शिवानंद हसला. खरंच हसला, समोरचा कारखान्याचा मालक त्याच्याकडं बघायला लागला. "अरं, कंदील धान्याच्या पेवाला. हितं धान्य कुटं हाय? रिकामं पेव ते. आन् दारूजवळ दिवा नेतोस व्हय, वेड्या? भडका उडाला म्हंजे?"

नबीसाबही हसला. "ते बी खरंच की. बघून सांगतो."

आंबणाऱ्या बिअरमधून जे बुडबुडे निघतात ते कशाचे, हे शिवानंदला ठाऊक होतं. तो कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा जड, तळाशी बसणारा वायू, हे तो पिणाऱ्यांना सांगत आला होता. पेवाच्या वाफेविषयी तर त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण ती वाफ धान्याची होती आणि हे बुडबुडे बिअरचे. एक गोष्ट गावाकडची, दुसरी पुस्तकातली. दोन्ही एकच आहेत हे त्याच्या डोक्यात आलं तेव्हा नबीसाबचा फोन नुसता वाजत राहिला होता आणि कुणी उचलत नव्हतं. त्यानं भावाला फोन केला. "पेवाकडं पळ," एवढंच म्हणाला.

तो गावी पोचला तेव्हा नबीसाब लिंबाखाली उताणा होता. अण्णारावानं आणि त्याच्या विश्वासातल्या एका गड्यानं विहिरीतली बादली काढायच्या गळानं त्याला वर ओढून घेतलं होतं. आत कुणी उतरलं नव्हतं. पेवाचं तोंड पुन्हा बंद. पडताना नबीसाबनं एका ड्रमला धरलं असावं, तो कलंडला होता आणि हा त्या सांडलेल्या बिअरमध्ये तोंड खाली करून पडला होता. सदरा, धोतर, दाढी, सगळं भिजलेलं.

शिवानंद त्याच्याजवळ बसला. त्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि वास आला. भाजलेल्या हुरड्याचा. आंबट नाही, कच्चा नाही, अगदी नितळ. बिअर चांगली झाली होती. आजवर केलेल्यांत सगळ्यात चांगली झाली होती, आणि हे त्याला कळलं, त्याही वेळी कळलं, याची त्याला पुढं स्वतःची जी किळस आली ती कधी गेली नाही.

"ऊठ," अण्णाराव म्हणाला. "रडायला टाईम न्हाय. पेवाचं नाव काढायचं न्हाय. हितंच पडलेला घावला, लिंबाखाली. कळलं?"

"दादा, माझ्यामुळं..."

"म्हणून तर म्हणतोय. चोरून दारू गाळली, माणूस मेला, आत जाशील. घरादाराचं वाटुळं होईल. तो तर गेलाच. तू बोलून परत यणार हाय का?"

अण्णाराव वाईट माणूस नव्हता, असं गावात आजही म्हणतात. भावासाठी त्यानं जे केलं ते कुठल्याही भावानं केलं असतं, असंही म्हणतात. मला तसं वाटत नाही. नबीसाबची बायको अजीजा आणि मुलगी सना धावत आल्या तेव्हा तो अजीजाला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "वैनी, वास येतुय. दवाखान्यात न्हेलं तर चिरफाड करतील, कागदावर येईल, चार गावांत होईल. झाकून टाकावं, असं मला वाटतं."

अजीजानं नवऱ्याच्या सदऱ्याचं टोक नाकाशी धरलं. "ते पीत न्हवते," ती म्हणाली.

"आमी बी तसंच समजत हुतो," अण्णाराव म्हणाला.

शिवानंद तिथंच उभा होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, चांगलं बराच वेळ बघितलं. त्यानं मान खाली घातली. सगळी गोष्ट खरं तर तिथं संपते. त्यानंतर त्यानं जे केलं ते उशिरा केलं.

नबीसाबला आंघोळ घालणाऱ्यांच्या हातांना तो वास लागला आणि संध्याकाळच्या आत तो गावभर झाला. नमाजी माणूस, दाढी राखलेली, आणि बघा. मातीला मोजकीच माणसं आली. जी आली त्यांतली काही मागच्या मागं सटकली. दुकानात, पारावर, दुधनीच्या बाजारात एकच विषय. कुणी म्हणालं, बिराजदारांच्या मळ्यात चोरून प्यायचा. कुणाला तर त्याचं झोकांड्या खात चालणं आधीपासून दिसत आलं होतं. सनाचं लग्न सोलापुरात ठरलं होतं. मुलगा टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता. त्याचा चुलता येऊन गेला. चहाला हात लावला नाही. "बापाचं असं, मग घरचं वळण कसं असणार," एवढं बोलून उठला. सना आतल्या दारामागं उभी होती. तिनं ऐकलं.

शिवानंद सोलापुरात होता. उदयसिंहला त्यानं बिअर बिघडली म्हणून कळवलं. संध्याकाळी कुणी बोलवलं की डोकं दुखतंय म्हणायचा. एकदा मित्रांनी ओढूनच नेलं, आणि एकानं, सगळे गप्प होते म्हणून बिचाऱ्यानं विषय काढला, "शिवा, ती लंडनची सांग की." शिवानंद उठून बाहेर गेला आणि मोटारीच्या चाकाशी बसून ओकला.

रोज सकाळी तो ठरवायचा, आज जाऊन सांगायचं. मग बायको, मुलीची परीक्षा, पोलीस, कारखानदार असं सगळं एकेक करून डोळ्यांपुढून जायचं आणि उद्यावर ढकललं जायचं. असे उद्या नबीसाबच्या चाळिसाव्या दिवसापर्यंत गेले. सनाचं लग्न मोडल्याचं त्याला त्याच सुमाराला कळलं आणि त्या रात्री त्याला झोप लागली नाही. सकाळी उठून त्यानं मुलाच्या चुलत्याचं घर शोधून काढलं, हात जोडले, आणि फक्त एक दिवस चाळिसाव्याला या म्हणून गळ घातली.

चाळिसाव्याला अजीजाच्या अंगणात फातिहा झाला, जेवणं झाली. अण्णारावही आला होता. मयताच्या घरी मोठ्या घरचं माणूस दिसायला हवं, ही त्याची समज. पानं उचलल्यावर शिवानंद उभा राहिला. त्यानं काही गाळलं नाही. ड्रम, पेव, शपथ, फोन, गळानं ओढून काढणं, सगळं. "नबीनं थेंब घेतला न्हवता," तो म्हणाला. "माझ्या बिअरची वाफ त्याला लागली. त्याला मी मारलं. पोलिसाकडं यायला मी तयार हाय."

जमातीतले एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग म्हणाले, "पण बेटा, रिकाम्या पेवात वाफ कुटली? ती तर धान्याची असती."

हाच प्रश्न. शिवानंदला वाटलं, आता काळजी नाही. हा वायू जड असतो, हलत नाही, बंद पेवात जागच्या जागी पडून असणार. ड्रमही तिथंच असणार. "चला," तो म्हणाला. "डोळ्यांनी बघा. अजीजावैनी, कंदील द्या."

अजीजानं आतून कंदील आणून दिला. सगळे मळ्याकडं निघाले. ऊन चांगलंच होतं. अण्णाराव काही न बोलता बरोबर चालत होता, त्यानं एका शब्दानं अडवलं नाही. तिथंच शिवानंदला कळायला हवं होतं.

फरशी सरकवली. त्यानं कंदील पेटवला, दोरी बांधली आणि सोडला. काठावर माणसं वाकून बघत होती. ज्योत तोंडाखाली गेली. निम्म्यावर गेली. शिवानंद मनात म्हणत होता, वीझ. आयुष्यात त्यानं देवाकडं इतक्या कळवळ्यानं काही मागितलं नव्हतं. वीझ, नबीसाठी वीझ. कंदील तळाला टेकला, दोरी ढिली पडली, आणि ज्योत सरळ, पिवळी, न हलता जळत राहिली. तिच्या उजेडात पेवाचा तळ दिसला. रिकामा. झाडून काढलेला, वर शेणानं सारवलेला.

"ड्रम कुटं हायत?" कुणीतरी विचारलं.

शिवानंदनं भावाकडं बघितलं. अण्णाराव पेवात बघत होता. केव्हाच त्यानं ते उघडं टाकलं होतं, दिवस दिवस उघडं, उफणणीचा पंखा लावून. मग ड्रम काढून फोडले होते. आता तो पुढं आला, भावाच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मनाला लावून घेतलंय त्यानं. ल्हानपणापासून संगं वाढले की दोघं."

आणि लोकांना ते पटलं. शिवानंदला वाटलं होतं, लोक अंगावर येतील, शिव्या देतील, धरून नेतील. त्यासाठी तो तयार होऊन आला होता. त्याऐवजी बुजुर्गांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "दोस्ताची अब्रू राखायला सोताच्या गळ्यात फास घिऊन आलास. असा दोस्त कुणाला मिळत न्हाय, बेटा. पण झालं ते झालं." मुलाचा चुलता म्हणाला, "तुमचा मोठेपणा हाय, साहेब. आमचं तेवढं जमायचं न्हाय." आणि तो वाटेला लागला.

"अहो, खरं सांगतोय मी!" शिवानंद ओरडला. "त्यानं प्यालेली न्हवती!"

"हौ, हौ," कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं. एकेक करून माणसं पांगली. बिराजदारांचा धाकटा सोन्यासारखा माणूस, असं बोलत बोलत गेली. नबीसाब मात्र लोकांच्या लेखी होता तसाच, पिणारा, राहिला.

अजीजा आणि सना राहिल्या होत्या. शिवानंदनं दोरी ओढून कंदील वर घेतला.

"द्या तो," अजीजा म्हणाली. "सासऱ्याचा हाय."

त्यानं दिला. तिनं पदरानं तापलेली काच धरली.

"त्या दिवशी ह्योच कंदील घिऊन निघालते," ती म्हणाली. "दुपारचं काय करताव कंदील घिऊन, म्हनून मी हसले बी. तुमचं पेव बघायचंय म्हनाले. दारातच तुमच्याशी परत बोलले, हसले, आन् कंदील उंबऱ्यावर ठिवून गेले. पेटलेलाच हुता. मी विझवला."

शिवानंद पेवाच्या काठावर खाली बसला.

"मला म्हाईत हुतं, भाऊ. लिंबाखाली तुमी मान खाली घातली तवाच. माझं एकलीचं कोन ऐकनार? म्हटलं, दोस्त हाय, सांगंल. आज सांगंल, उद्या सांगंल. पोरीला रोज हेच म्हनायचे." तिनं सनाकडं बघितलं. सना दुसरीकडं बघत होती.

तेल वाया जात होतं. अजीजानं वात खाली केली, कंदील विझवला, आणि मुलीला घेऊन घराकडं चालू लागली.